दहापैकी दहा

ग्रीकमावशींना ग्रीक कुणी शिकवलं नव्हतं. चौदाव्या वर्षी त्यांना कावीळ झाली, दोन महिने अंथरूण सुटलं नाही, आणि घरात वाचायला दुसरं काही नव्हतं. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. बांधणीत बिघडलेली, विकता न येणारी पुस्तकं ते घरी आणत. त्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या मूळ भाषेचं, ग्रीकचं, एक प्राथमिक पुस्तक होतं, त्याची पहिली सोळा पानं उलटी लागलेली. मावशींनी ती सोळा पानं पुस्तक उलटं धरून वाचली आणि बाकीची सुलटं धरून. दुखणं उतरलं तेव्हा चोवीस अक्षरं तोंडपाठ झाली होती. थोरली बहीण अक्का अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लोकांच्या पोरी आजारातून उठल्या की रोडावतात. आमची उठली ती ग्रीक होऊनच."

पुढे लग्न झालं नाही. ते का झालं नाही यावर नातेवाइकांनी पंधरा-वीस वर्षं चर्चा केली आणि मग तेही थकले. मावशी एका पत्रशाळेत लागल्या. खाली न्हाणीघराच्या फरशांचं दुकान, वर शाळेच्या दोन खोल्या. शाळा म्हणायची, पण विद्यार्थी कधी डोळ्यांना दिसायचे नाहीत. परिचारिका, चौकीदार, ट्रक चालवणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका अशा माणसांना शास्त्र नीट समजून घ्यायचं असे, पण पाठशाळेत जाऊन बसायला ना वेळ, ना सोय. त्यांना दर महिन्याला टपालाने एक पान जायचं. त्याला शब्दपान म्हणत. एका पानावर एक ग्रीक शब्द, त्याचा उगम, त्याचा अर्थ, एखादं वचन, आणि मागच्या बाजूला चार प्रश्न. एकतीस वर्षं ती पानं मावशी लिहीत होत्या आणि येणाऱ्या उत्तरपत्रिकाही त्याच तपासत होत्या.

चौथा प्रश्न दर महिन्याला तोच असायचा: हा शब्द तुम्ही कसा जगलात? बाकीच्या तिन्ही प्रश्नांना मिळून दहा मार्क आणि या एकट्याला दहा. ही मावशींची कल्पना, आणि तिचा त्यांना कोण अभिमान! आता माणसाच्या जगण्याला मार्क कसे द्यायचे, असं त्यांना एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. उत्तरपत्रिकेवर नाव घालायला बंदी होती, फक्त क्रमांक. ओळखीचं माणूस निघालं तर तपासणाऱ्याचा हात सैल सुटतो, म्हणून नाव-पत्त्यांची नोंदवही कपाटात कुलूपबंद. त्यामुळे मावशींना आपले विद्यार्थी फक्त अक्षरावरून माहीत. एकशे सत्तर म्हणजे शाई सांडणारा, दोनशे नऊ म्हणजे प्रत्येक उत्तराच्या शेवटी आभार मानणारा, आणि चारशे बारा म्हणजे बारीक, उजवीकडे झुकलेलं, एकही खाडाखोड नसलेलं अक्षर.

मावशींचा हातखंडा म्हणजे शब्दाची फोड. शब्द हातात आला की त्या आधी त्याचे तुकडे करायच्या, मग एकेक तुकडा उचलून दाखवायच्या. लोकांना ते भारी आवडायचं. ढोंगी माणसाला शास्त्रात हुपोक्रितेस म्हटलंय, तो शब्द मुळात रंगमंचावरच्या नटाचा. हे पान गेलं तेव्हा त्या महिन्यात दीडशे पत्रं आली, बहुतेकांनी आपापल्या शेजाऱ्याला ओळखलं होतं. करुणेचा शब्द स्प्लांख्ना, म्हणजे पोटातली आतडी. "आपलं आतडं तुटतं ना, तसंच त्या ग्रीकांचंही तुटायचं," असं मावशींनी लिहिलं आणि टपाल खात्यातल्या एका कारकुनाने कळवलं की पान वाचून तो जेवला नाही. करुणेने की किळसेने, ते त्याने लिहिलं नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण संचालकांच्या मनात आलं की निवडक साठ पानांचं पुस्तक काढावं, आणि त्यासाठी एक नवी संपादिका नेमली गेली. तिशीची, चष्मेवाली, बोलायला गोड आणि पेन्सिल हातात घेतली की निर्दय. तिने मूळ भाषेचा रीतसर अभ्यास केला होता. पुस्तक उलटं धरून नव्हे.

पहिली अठरा पानं मावशींनी सोसली. एकोणिसाव्या पानावर दोघींचं वाजलं. ते पान हुपोमोने या शब्दाचं. मावशींचं सर्वांत गाजलेलं पान हेच. पंधरा वर्षांपूर्वी गेलं होतं आणि लोकांच्या मागणीवरून तीनदा पुन्हा छापलं होतं. त्यात लिहिलं होतं: हुपो म्हणजे खाली, मेनो म्हणजे मी राहतो. म्हणून हुपोमोने म्हणजे खाली राहणे. ओझं आलं की त्याच्या खालून निसटू नये. जो निसटतो त्याचं ओझं दुसऱ्याच्या माथ्यावर पडतं. त्याखाली पहिल्या शुभवर्तमानातलं वचन होतं, शेवटपर्यंत जो टिकेल त्याचं तारण होईल या अर्थाचं.

संपादिकेने समासात दोन ओळी लिहिल्या होत्या. "मावशी, तुकडे जोडून अर्थ होत नाही. आणि पुढचं वचन का सोडलंत?"

"तुकडे जोडून अर्थ होत नाही म्हणजे?" मावशींनी कागद तिच्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. "अर्थ काय आभाळातून पडतो?"

"मनगट म्हणजे काय, मावशी?"

"मनगट म्हणजे मनगट."

"मनाचा गट नाही ना? आणि साहेब आपली कानउघाडणी करतात तेव्हा कानांना हात तरी लावतात का?"

"मला माझी भाषा शिकवू नकोस."

"तुमची नाही हो, त्यांची सांगतेय." संपादिका ओशाळली, पण मागे हटली नाही. "जुन्या ग्रीकांच्या लेखनात हा शब्द लढाईत पाय रोवून उभ्या राहणाऱ्या शिपायासाठी येतो. आणि शर्यतीची उपमा आहे ना शास्त्रातल्या एका पत्रात, धीराने धावावं अशी? तिथंही हाच शब्द आहे. ओझ्याखाली बसून राहिलेला माणूस धावेल कसा? चिवटपणा आहे त्यात, मावशी. दबून राहणं नाही."

मावशींनी पान उचललं आणि घरी गेल्या. अक्काने विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या डोकं दुखतंय. मग शास्त्र उघडून बसल्या. पहिलं शुभवर्तमान, दहावा अध्याय, बाविसावं वचन. त्याच्या लगेच खाली तेविसावं. एका गावात तुमचा छळ केला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं त्यात सांगितलं होतं. मावशींनी ते शंभरदा वाचलेलं होतं, मूळ भाषेतही वाचलेलं होतं. टिकून राहा असं सांगून ज्याने अजून श्वास घेतला नाही, तोच पळा असं सांगत होता.

त्यांना पंधरा वर्षांपूर्वीचं ते पान आठवलं. जागा नव्हती असं म्हणायची सोय नव्हती. वचनाखाली दोन ओळी कोऱ्या राहिल्या होत्या आणि छापखान्यातून विचारणा आली होती की इथं काय घालू. मावशींनी सांगितलं होतं, वेलबुट्टी घाला. तेविसावं वचन घातलं असतं तर पान बिघडलं असतं, खाली राहण्याचा इतका छान जमून आलेला अर्थ ढिला पडला असता. असं त्यांनी तेव्हा शब्दांत मनाशी म्हटलं नव्हतं, पण आता त्यांना ते स्वच्छ दिसलं आणि त्या मनातून हबकल्या.

"अगं, पुस्तकात एक ओळ बदलायची तर बदल," अक्का म्हणाली. "मेलंय का कुणी त्याने?"

दुसऱ्या दिवशी मावशी थोड्या सावरून शाळेत गेल्या. बदलू, पुढच्या वेळी नीट लिहू, चुका कुणाच्या होत नाहीत, अशी मनाची समजूत काढून त्या टपालाच्या गठ्ठ्याला बसल्या. त्या महिन्याचा शब्द होता एलपिस, म्हणजे आशा. अकरावी उत्तरपत्रिका चारशे बाराची निघाली. पहिले तीन प्रश्न नेहमीप्रमाणे बिनचूक. चौथ्याखाली तिने लिहिलं होतं:

"या महिन्यात मला आशा हा शब्द जगता आला नाही. पण हुपोमोने जगले. माझी मुलगी लग्नाला सात महिने होताच परत आली. नवरा मारतो म्हणाली. मी तिला तुमचे ते पान सबंध वाचून दाखवले. दोन दिवस ठेवून घेतले आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बसमध्ये बसवून दिले. आई खाली राहिली, आता लेकही राहील. कृपया तपासून कळवावे."

मावशींच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, स्टुलावर चढून चारशे बाराचा खोका खाली काढला. उत्तरपत्रिका शाळेतच ठेवायची पद्धत होती. विद्यार्थ्याला फक्त मार्क आणि शेरा लिहिलेलं कार्ड जायचं. पंधरा वर्षांचे कागद होते. मावशी जमिनीवर बसून ते चाळू लागल्या.

हुपोमोनेच्या पानाचं उत्तर सापडायला वेळ लागला नाही. "माझे पती रागीट आहेत. मी माहेरी जायचे ठरवले होते, कपडे भरून ठेवले होते. तुमचे पान आले आणि पिशवी परत रिकामी केली." त्यापुढे मावशींच्या लाल शाईत दहापैकी दहा. शेजारी शेरा होता, "शाब्बास! हाच खरा अर्थ." त्यानंतर दुसरीच पानं होती, दुसरेच शब्द, पण चारशे बारा दरवेळी घुटमळत याच शब्दापाशी यायची. एकदा तिने शांतीच्या शब्दाखाली लिहिलं होतं की घरात ताटं फुटली तरी मी आवाज केला नाही. दहा. एका कागदावरचं अक्षर वेडंवाकडं होतं, आणि खाली बारीक सूचना होती, हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताने लिहिले आहे, क्षमा असावी. तिथं मावशींनी लिहिलं होतं, "अक्षराचे मार्क कापलेले नाहीत." आणि दहा.

मावशींना तो कागद आठवत होता. तो तपासताना आपल्याला किती बरं वाटलं होतं हेही आठवत होतं. किती चिकाटीची बाई, आपला शब्द कुणीतरी खरोखर जगतंय. प्लास्टर कशाने आलं हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता. आला असेल तर त्यांनी त्याला बसायला दिलं नव्हतं. त्या खोलीतल्या जमिनीवर बसून रडल्या. म्हाताऱ्या माणसाचं रडणं ऐकून संपादिका दारापर्यंत आली, कागद पाहिले, आणि पाणी ठेवून गेली.

संचालक सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "वाईट झालं. पण विद्यार्थ्यांच्या घरात शिरणं आपल्या नियमात बसत नाही. पुस्तकात दुरुस्ती करू, पुढच्या महिन्यात एक खुलासा छापू. तोवर या उत्तरपत्रिकेला मार्क देऊन टाका."

"किती देऊ?" मावशींनी विचारलं.

"नेहमी देता तेवढे द्या ना."

मावशी बाहेर आल्या. खुलासा छापून जायला महिना, टपालाला आठवडा, आणि तोवर ती मुलगी त्या घरात. एकतीस वर्षांत त्यांनी नियम मोडला नव्हता, रजेचा अर्जसुद्धा दोन दिवस आधी द्यायच्या. त्यांनी कपाट उघडलं, नोंदवही काढली आणि चारशे बाराचा पत्ता तळहातावर लिहून घेतला. कागदावर लिहायचं त्यांना धाडस झालं नाही.

पत्ता तासाभराच्या अंतरावर होता. रुग्णालयाच्या मागे कर्मचाऱ्यांच्या चार मजली इमारती, जिन्यात कपडे वाळत घातलेले, आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार एका उंच, वाळक्या बाईने उघडलं. वय पन्नासच्या आतबाहेर. ती रुग्णालयाच्या कपडेखोलीत काम करायची, चादरींच्या घड्या घालायची, आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. मावशींनी आपण कोण ते सांगितलं, तशी तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

"ग्रीकबाई? तुम्ही स्वतः? माझ्याकडे?"

तिला वाटलं बक्षीस आहे. तिने खुर्ची पुसली, पंखा लावला, चहा टाकला, आणि मावशी नको-नको म्हणत असताना कपाटातून एक फाइल आणली. आत पंधरा वर्षांची कार्डं होती, एकेक प्लास्टिकच्या पाकिटात, घडी न पडलेली. मावशींच्याच अक्षरातले शाब्बास, शाब्बास, शाब्बास. घरात ती एकटीच राहत होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटची वर्षं अंथरुणावर होता, तिनेच सगळं केलं. हे सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. परीक्षा दिलेल्या माणसाचा निवांतपणा होता.

"मी बक्षीस द्यायला आले नाही," मावशी म्हणाल्या. "मी चूक सांगायला आले. माझी."

"उत्तर चुकलं का माझं?"

"पान चुकलं." मावशींनी येताना शंभरदा घोळवलेलं सगळं विस्कटलं. जेवढं आलं तेवढं त्यांनी सांगितलं. शब्दाच्या तुकड्यांवरून अर्थ काढला तो आपल्या सोयीचा होता. तो शब्द पाय रोवून उभं राहण्याचा आहे, मार खात पडून राहण्याचा नाही. आणि टिकून राहा असं सांगणाऱ्या वचनाच्या लगेच पुढे पळून जा असंही सांगितलंय, ते मी घातलं नाही.

चारशे बाराने चहाचा कप खाली ठेवला. "तेविसावं वचन ना? वाचलंय मी. पण ते गावाबद्दल आहे, बाई. घराबद्दल नाही."

"बाविसावं तरी घराबद्दल कुठं होतं? तुम्ही ते घराला लावलंत, आणि मी दहा मार्क दिले."

खाली कुणीतरी बादली आपटली, नळ सुटला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी तेवीस वर्षं काढली त्या माणसाबरोबर. दहा वर्षं भीतीने काढली आणि तेरा तुमच्या पानाने. त्या दहा वर्षांचं मला काही वाटत नाही. ह्या तेरांचं काय करू, सांगा. कशात धरू?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?" तिचा आवाज चढला. "पाणी म्हटलं की पाण्याचं मूळ सांगता, भाकरी म्हटलं की भाकरीचं. आणि हे माहीत नाही? तो घरी यायचा तेव्हा मी हात जोडून तो शब्द म्हणायचे. ग्रीकमध्ये म्हणायचे, तुम्ही लिहिलात तसा. आता तुम्ही चहा प्यायला येता आणि म्हणता, अर्थ चुकला?"

मावशी उभ्या राहिल्या. पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. "मला हाकलून द्या, माझी तक्रार करा, ती फाइल माझ्या अंगावर फेका. सगळं योग्यच ठरेल. पण तुमचं घर रिकामं आहे आणि तुमची मुलगी तिकडे आहे. तुम्ही तिला माझ्या सांगण्यावरून परत पाठवलंत. मी एकटी गेले तर ती मला ओळखणार नाही."

चारशे बाराने फाइल उचलली. मावशींना वाटलं, आता खरंच फेकते. पण तिने ती कपाटात ठेवली, कपाट लावलं, चपला घातल्या, आणि गॅसवर उरलेला चहा तसाच सोडून दाराला कुलूप लावलं. ती पुढे आणि मावशी मागे, अशा दोघी जिना उतरल्या.

दोन बस बदलाव्या लागल्या. पहिल्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या बसमध्ये जागा नव्हती, दोघी दांडा धरून उभ्या होत्या, आणि गर्दीच्या रेट्यात ती मावशींच्या कानाशी येऊन म्हणाली, "बसमध्ये बसवताना ती म्हणाली होती, आई, खिडकीतून हात तरी हलव. मी हलवला नाही. मला वाटलं, कच खाईल." मावशींनी तिच्या दंडाला धरलं. तिने दंड सोडवून घेतला नाही, पण मावशींकडे पाहिलंही नाही.

मुलीचं घर तळमजल्यावर होतं, दाराबाहेर सायकली लावलेल्या. दुपारची वेळ, जावई कामावर. बेल वाजल्यावर बऱ्याच वेळाने दार हातभर उघडलं. तेवीस-चोवीस वर्षांची पोर, केस डाव्या गालावर ओढून बांधलेले, हाताला पीठ. आईला पाहून तिचा चेहरा उजळला नाही. घाबरला.

"आई? आज कशी? कुणाला काही झालं का?"

"नाही गं. ह्या... ह्या पानवाल्या बाई." आईने मावशींकडे हात केला. "तो अर्थ चुकला होता म्हणतात. खाली राहायचा. तो तसा नाही."

मुलीने मान वळवली, उजवा कान पुढे केला. "काय नाही?"

तेव्हा मावशींच्या लक्षात आलं की तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांना भडभडून आलं. आणि जे त्यांना आयुष्यभर येत होतं तेच त्या करू लागल्या. "बाळ, चूक माझी आहे. तुझ्या आईची नाही. त्या शब्दात हुपो असलं तरी त्याचा अर्थ खाली दबून राहणं असा होत नाही. ग्रीक लोक हा शब्द वापरायचे तेव्हा..."

"थांबा, मावशी," मुलगी म्हणाली. तिने उद्धटपणे म्हटलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, आईकडे बघत होती. "आई, तू ते पान वाचत होतीस तेव्हा मी तुझ्या समोर बसले होते. सबंध पान संपेपर्यंत तू पानाकडेच बघत होतीस. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं असतंस, तर अर्थ सांगायला कुणाला इतक्या लांब यावं लागलं नसतं."

मावशींनी तळहाताची मूठ केली. पंधरा वर्षांच्या कागदांवरून आपलीही मान कधी वर झाली नव्हती हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तिघी तशाच उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे उभ्या राहिल्या. आतून सासूचा आवाज आला, "कोण आलंय गं? दार लाव, माश्या येतात."

मुलगी मागे वळून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "माझी माणसं आलीत." आणि पिठाचे हात पदराला पुसत आईला म्हणाली, "थांब. गॅस बंद करून, पिशवी घेऊन येते."